खान्देशातून कोकणात जाणारी एक नियमित गाडी हवी : आपल्या चार खासदारांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या लोकसभा मतदारसंघांचे सन्माननीय खासदार

विषय : भुसावळ–सावंतवाडी नियमित रेल्वेगाडी आणि तिला जोडून लागणाऱ्या सोयी

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते. भुसावळहून सुटून जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, कल्याण, पनवेल अशी जाऊन पुढे खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ घेत सावंतवाडीला पोहोचणारी एक नियमित गाडी आम्हाला हवी आहे. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस धावली तरी चालेल. तिला स्लीपरचे आणि जनरलचे डबे भरपूर असावेत. आम्ही वंदे भारत मागत नाही. रुळ आहेत, वीज आहे, स्थानकं आहेत. खान्देशातून निघून कोकणात थांबणारी स्वतःची नियमित गाडी तेवढी नाही.

मी अमळनेर तालुक्यात शिक्षिका आहे. नद्यांचा पाठ शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे ओलांडते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ डुमसला समुद्राला मिळते. आमच्या मुलांनी तापी पाहिलेली असते. मुडावदला, जिथे पांझरा तापीला मिळते, तिथे महादेवाच्या दर्शनाला आई-वडिलांबरोबर अनेक जण जाऊन आलेले असतात. नदीचं पुढचं टोक मात्र बहुतेकांना नकाशातच दिसतं. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "बाई, समिंदर कसा ऱ्हास?" म्हणजे समुद्र कसा असतो? नदी आमच्या शिवारातून समुद्राकडे जाते आणि तिच्या काठची मुलं दहावी होतात, शेतीला किंवा सुरतेच्या कारखान्यांत कामाला लागतात, तरी किनाऱ्यावर उभी राहिलेली नसतात. मला हे साधं वाटत नाही. चैनीचा प्रश्न म्हणून कोणी ते बाजूला सारू नये, म्हणून हे पत्र.

आज खान्देशातलं कुटुंब कोकणात कसं जातं, ते आधी पाहू. अमळनेरचं स्टेशन पश्चिम रेल्वेच्या सुरत–जळगाव मार्गावर आहे, त्यामुळे मनमाडमार्गे मुंबईकडे जायचं तर आधी जळगाव किंवा चाळीसगाव गाठावं लागतं. तिथून रात्रीची गाडी धरून कल्याण किंवा ठाणं. मग तिथून किंवा पनवेलहून कोकणची गाडी. जनशताब्दी पहाटेची, मांडवी सकाळची, तुतारी आणि कोकणकन्या रात्रीच्या. आमच्या गाडीला तास-दोन तास उशीर झाला की पुढची गाडी हातची जाते. दोन तिकिटांचे पीएनआर जोडून घेण्याची सोय रेल्वेने २०१९ पासून दिली आहे, त्यामुळे पैसे परत मिळू शकतात. पण म्हातारी माणसं, लहान पोरं, डब्यांच्या पिशव्या आणि बॅगा घेऊन ठाण्याच्या फलाटावर बसलेल्या कुटुंबाला परताव्याचा काय उपयोग? पुढच्या गाडीत जागा मिळायला हवी, आणि ती मिळत नाही. कोकणच्या गाड्यांचं आरक्षण उघडल्याबरोबर भरतं. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तरी मे महिन्यात आणि दिवाळीत प्रतीक्षा यादीच हाती येते.

थेट जाणारी गाडी अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. एर्नाकुलम आणि दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनमध्ये धावणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, मनमाड, नाशिक, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेनेच खाली उतरते आणि रत्नागिरीला थांबते. म्हणजे आमच्या स्टेशनवरून रत्नागिरीपर्यंत रोज एक गाडी जाते, मध्ये कुठेही बदलावी लागत नाही. पण ती गाडी केरळ आणि दिल्लीच्या माणसांची आहे. तिचं अंतर, तिचे थांबे, तिचा आरक्षणाचा कोटा सगळा त्या दोन टोकांच्या हिशेबाने ठरलेला आहे, आणि तो तसाच असायला हवा. कोकणातल्या लहान स्थानकांवर तिने थांबावं ही अपेक्षा चुकीची ठरेल. जळगावच्या माणसाला मात्र त्या गाडीत सुट्टीच्या दिवसांत पाच जणांच्या जागा मिळणं फार अवघड जातं.

दुसरी गाडी नागपूर–मडगाव. ती २०२२ पासून आठवड्यातून दोन दिवस विशेष गाडी म्हणून धावू लागली, भुसावळला थांबत, पनवेलनंतर रोहा, माणगाव, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर, वैभववाडी, कणकवली, कुडाळ अशी कोकणातली मोजून सगळी महत्त्वाची गावं घेत. विदर्भातल्या लोकांनी पाठपुरावा करून ती मिळवली याचा मला आनंद आहे. पण विशेष गाडी म्हणजे मुदतीवर जगणारी गाडी. मुदत संपत आली की पुन्हा वाढ मिळणार का याकडे डोळे लावायचे, वाढ मिळाली तर परिपत्रक येईपर्यंत आरक्षण उघडत नाही, आणि विशेष म्हणून भाडंही नेहमीपेक्षा जादा. ज्या गाडीला वारंवार मुदतवाढ द्यावी लागली, तिला प्रवासी आहेत हे रेल्वेनेच सिद्ध केलं आहे. अशा गाडीला नियमित क्रमांक, नियमित भाडं आणि वेळापत्रकात कायमची जागा मिळावी, तिच्या थांब्यांत जळगाव आणि चाळीसगाव पक्के असावेत, हा तुमचा पहिला पाठपुरावा असावा. रावेर मतदारसंघात भुसावळ आणि मलकापूर दोन्ही येतात, त्यामुळे विदर्भाच्या खासदारांना सोबत घेणं रावेरच्या खासदारांना सहज शक्य आहे.

आता या मागणीमागचं मला सर्वांत जिव्हाळ्याचं कारण सांगते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्हा परिषदांच्या शाळांमध्ये खान्देशातले अनेक शिक्षक-शिक्षिका नोकरी करतात. गावात जागा नव्हत्या, कोकणात होत्या, म्हणून ही मुलं-मुली तिकडे रुजू झाली. डोंगरातल्या वाडीवरच्या शाळा त्यांनी चालवल्या, पावसाळ्यात वहाळ ओलांडून वर्ग भरवले, मालवणी आणि संगमेश्वरी बोली कानात साठवली. आंतरजिल्हा बदलीची यादी कधी लागते याकडे त्यांचं सगळं घर डोळे लावून असतं. बदली होईल तेव्हा होईल, पण तोवर ही माणसं वर्षातून दोनदा, फार तर तीनदा घरी येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. कोकणात शिकवणारी लेक त्या वेळी बहुतेकदा परीक्षांच्या कामात असते. एक-दोन दिवसांची रजा मिळाली तरी जाण्या-येण्यातच ती संपते. थेट रात्रीची गाडी असती तर शुक्रवारी शाळा सुटल्यावर बसून शनिवारी दुपारपर्यंत घर आणि रविवारी रात्री परतीची गाडी, असा हिशेब बसला असता. रेल्वेने भुसावळ ते रत्नागिरी अंतर सुमारे सातशे किलोमीटर आहे. घाट आणि एकेरी मार्ग धरूनही एका रात्रीत आणि सकाळच्या काही तासांत ते पार होऊ शकतं.

हीच गोष्ट पोलीस, एसटी, महसूल, आरोग्य अशा खात्यांमध्ये तिकडे असलेल्या आपल्या माणसांची. आणि उलट्या दिशेने, कोकणातून इकडे आलेल्या माणसांचीही. भुसावळ हे रेल्वेचं गाव. तिथल्या रेल्वे कॉलन्यांत कोकणातली घरं पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत आणि गणपतीला त्यांनाही गाव गाठायचं असतं.

कोकण आणि खान्देश यांचं नातं काही आजचं नाही. साने गुरुजी २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातल्या पालगडला जन्मले आणि १९२४ ते १९३० या काळात त्यांनी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं. तिथल्या छात्रालयात मुलांची अंथरुणं घातली, आजारी मुलांची सेवा केली, हे आजही अमळनेरचे वडीलधारे ऐकीव आठवणींतून सांगतात. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली, तीही खान्देशच्याच मातीत. आमच्या शाळेतल्या मुलांना पालगड दाखवावं असं मला फार वाटतं. पालगडला जायला खेड स्टेशन सोयीचं, दापोलीलाही खेडच. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, आणि दापोलीहून हर्णै, मुरूडचा किनारा हाकेवर. गुरुजींचं घर आणि समुद्र एकाच सहलीत मुलांना पाहता येतील. पण खान्देशातल्या शाळेला ही सहल आज काढता येत नाही.

का येत नाही, तेही सांगते. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात बस देते, ही फार मोठी सोय आहे आणि गरिबांच्या शाळा त्यावरच सहली काढतात. पण सहलीच्या बसने रात्रीचा प्रवास टाळावा, अशी सूचना असते आणि ती योग्यच आहे. रात्री कसारा घाट, पहाटे मुंबई–गोवा महामार्ग अशा प्रवासात चाळीस मुलं घेऊन जाण्याची जबाबदारी कोणताही मुख्याध्यापक घेणार नाही. मग आमच्या सहली अजिंठा, वेरूळ, शिर्डी, नाशिक, फार तर पुण्यापर्यंत जातात. वर्षानुवर्षं त्याच. रेल्वेत मात्र मुलं झोपून प्रवास करतात, शौचालय असतं, शिक्षकांना डब्यात फिरून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं. मुलांना समुद्र दाखवायचा तर आमच्यासाठी रेल्वे हाच खरा रस्ता.

मुलांना किनाऱ्यावर नेणं म्हटलं की रायगड जिल्ह्यातल्या मुरूडची आठवण येणारच. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याजवळच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले आणि त्यानंतर समुद्रकिनारी सहल म्हटलं की शाळा बिचकतात. ती भीती मी हलकी मानत नाही. ज्या मुलांनी विहिरीत आणि पाटात पोहणं शिकलंय त्यांना भरती-ओहोटी ठाऊक नसते, पाणी पायाखालची वाळू कशी ओढून नेतं हे त्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर जीवरक्षक, धोक्याच्या जागी ठळक मराठी फलक आणि भरतीच्या वेळा लावलेल्या असाव्यात, ही मागणीही तुम्ही कोकणच्या लोकप्रतिनिधींकडे करा. पाहुणे पाठवणाऱ्या भागाचाही त्या किनाऱ्याच्या सुरक्षिततेशी संबंध असतो.

खर्चाचं सांगायचं तर महाराष्ट्रात एसटीने महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास. त्यामुळे बचत गटातल्या बायका, भजनी मंडळातल्या आजीबाई आता घराबाहेर पडू लागल्या आहेत. आमच्या गावातल्या बायका पंढरपूर, तुळजापूर, वणी करून आल्या आणि पुढचा बेत गणपतीपुळ्याचा करतात. पण इतकं लांब बसने बसणं गुडघे दुखणाऱ्या बाईला झेपत नाही, आणि रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती परत आलेली नाही. ही सवलत पुन्हा सुरू व्हावी यासाठीही संसदेत बोला, अशी कळकळीची विनंती आहे.

ज्यांना तिकीट परवडतं त्यांची वाट आता सोपी झाली आहे. जळगाव विमानतळावरून एप्रिल २०२४ मध्ये गोव्याला छोटं विमान सुरू झालं आणि चांगलंच झालं. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत. त्यामुळे धुळे-जळगावहून स्वतःच्या गाडीने निघणाऱ्याला कसारा घाट टाळता येतो. म्हणजे मोटार आणि विमानवाल्यांचा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत बराच सुटला. स्लीपरच्या तिकिटावर घरदार घेऊन निघणाऱ्याचा प्रश्न तिथेच आहे.

आता रेल्वे काय उत्तर देईल याचा विचार करू. पहिलं उत्तर येईल, कोकण रेल्वेवर जागा नाही. यात तथ्य आहे. रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला, आणि आजही तो बहुतांश एकेरी आहे. दुहेरी झालाय तो रोहा ते वीर हा जेमतेम ४७ किलोमीटरचा तुकडा. समोरून गाडी आली की दुसरीने स्टेशनात थांबायचं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, वेग कमी केलेला असतो. दरडी आणि डोंगर पाहिलेल्या कोणालाही त्यात तडजोड नको, असंच वाटेल. म्हणूनच मी नवीन गाडीच्या आधी नागपूर–मडगाव नियमित करा असं म्हटलं. तिला लागणारी जागा रेल्वेने आधीच दिलेली आहे. नवी वेळ शोधायची नाही, असलेली वेळ कायम करायची आहे. भुसावळ–सावंतवाडी ही पुढची पायरी.

गणपतीच्या दिवसांत आम्ही जागा मागत नाही. त्या आठवड्यात मुंबईतला चाकरमानी आधी, हे आम्हाला मान्य आहे. आम्हाला मे, दिवाळी, नाताळ आणि वर्षातले साधे शनिवार-रविवार पुरेत.

आमच्या बाजूला तर मार्ग वाढतोच आहे. जळगाव–मनमाड चौथ्या मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, भुसावळ–खांडवा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेलाही. त्याआधी २ सप्टेंबर २०२४ ला मनमाड–इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला, १८,०३६ कोटी रुपयांचा. तो धुळे, शिरपूरवरून जाणार आहे. या मार्गांवर माल तर धावेलच. प्रवासी गाड्यांचं नियोजन आजच मांडलं नाही तर उद्या मार्गिका तयार होतील आणि त्यांवर आपल्या गावची गाडी नसेल. धुळ्याच्या माणसाला पिढ्यान् पिढ्या चाळीसगावच्या फाट्यावरून फिरावं लागलं, हे धुळ्याच्या खासदारांना मी सांगायला नको.

कोकण रेल्वेच्या भांडवलाचा मुद्दाही आहे. हे महामंडळ १९९० मध्ये उभं राहिलं तेव्हा केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के, कर्नाटकाचा १५ आणि केरळ व गोव्याचे प्रत्येकी ६ टक्के ठरले. महाराष्ट्राच्या त्या २२ टक्क्यांत चोपड्याच्या केळीवाल्याचा आणि शिंदखेड्याच्या कापूसवाल्याचाही कर आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. विलीनीकरणात दुहेरीकरणाला पैसा मिळावा, ही कोकणाची मागणी आहे आणि तिला खान्देशने मनापासून पाठिंबा द्यावा. दुसरा रुळ पडला तर गाडीचा फायदा आम्हालाही होणार आहे.

नंदुरबारचं थोडं वेगळं आहे. नंदुरबार, दोंडाईचा, नवापूरहून मनमाडमार्गे कोकणात जाणं म्हणजे उलटा वळसा. त्यांची वाट सुरतेवरून. ताप्ती मार्ग, म्हणजे सुरत–जळगाव रेल्वेमार्ग, सुरतेजवळच्या उधन्याला मिळतो आणि त्याच उधन्याहून गणपतीत कोकणासाठी विशेष गाड्या सोडल्या गेल्या आहेत. २९ ऑगस्ट २०२४ ला वांद्रे टर्मिनसहून बोरिवली, वसई, पनवेलमार्गे मडगावची नियमित गाडीही सुरू झाली. पश्चिम रेल्वे आणि कोकण रेल्वे वसईवरून जोडता येतात, हे त्यातून दिसलं. उधन्याच्या विशेष गाड्यांपैकी एखादी तरी नंदुरबारहून सुटावी. आणि नंदुरबारसाठी मराठी मुलखातला सर्वांत जवळचा किनारा म्हणजे डहाणू आणि बोर्डी. खान्देश एक्स्प्रेस सुरतेजवळून डहाणूच्याच मार्गाने मुंबईकडे जाते. सातपुड्यातल्या आश्रमशाळांच्या मुलांना डहाणू-बोर्डीचा समुद्र आणि तिथल्या चिकूच्या वाड्या दाखवायच्या तर आदिवासी विकास विभागाने या गाडीच्या वेळा धरून सहलीची योजना आखावी. धडगाव, अक्कलकुव्याच्या मुलांचं नाव सहसा कुपोषणाच्या बातमीत येतं. त्यांनाही सुट्टी हवी असते, त्यांनाही वाळूत खेळायचं असतं.

गाडी मिळाली तरी काम अर्धंच होईल, कारण कोकण रेल्वे किनाऱ्यावरून जात नाही. ती डोंगराच्या अंगाने जाते. चिपळूणला उतरलं की गुहागर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, रत्नागिरीहून गणपतीपुळे पंचवीस-तीस, कुडाळ किंवा कणकवलीहून मालवण आणि तारकर्ली तासा-दीड तासावर. सकाळी गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला रिक्षा किंवा खासगी गाडी करावी लागते आणि रेल्वेच्या तिकिटाएवढेच पैसे तिथे जातात. गाडीच्या वेळेला स्टेशनबाहेर एसटी उभी असावी, गाडीला उशीर झाला तर तिने थांबावं, एवढं ठरवून घ्या. त्यासाठी रत्नागिरी–सिंधुदुर्ग आणि रायगडच्या खासदारांशी बोलावं लागेल. त्यांनाही ते हवंच असेल. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तिथल्या घरगुती निवासांत, खाणावळींत, होड्यांवर ज्यांचं पोट आहे त्यांना शनिवार-रविवारचे मुंबई-पुण्याचे पाहुणे पुरत नाहीत. चार-पाच दिवस निवांत राहणारी, घरगुती जेवण आवडीने खाणारी खान्देशी कुटुंबं त्यांना नक्की हवी असतील.

कोकणातूनही इकडे येणारे आहेत. अजिंठ्याला जायला जळगाव हेच जवळचं मोठं स्टेशन. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला कोकणातून भाविक येतात. मुक्ताईनगर, पद्मालय, तोरणमाळ ही नावं त्यांनी ऐकलेली असतात, पाहिलेली नसतात. गाडी रिकामी परतेल ही भीती कोणी घालू नये.

तुमच्याकडून मला नेमकं काय हवं आहे ते लिहिते. चौघांनी मिळून, पक्ष बाजूला ठेवून, एका कागदावर सह्या करून हा प्रस्ताव मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि कोकण रेल्वे तिघांकडे एकाच वेळी द्या. एकट्या मध्य रेल्वेला दिला तर कोकण रेल्वेची संमती नाही म्हणून तो थांबेल, एकट्या कोकण रेल्वेला दिला तर रेक, म्हणजे डब्यांचा संच, कोण देणार या प्रश्नावर थांबेल. महाव्यवस्थापकांबरोबर खासदारांच्या बैठका होतात आणि विभागीय पातळीवर रेल्वे वापरकर्त्यांची सल्लागार समिती असते. त्या दोन्हीकडे हा विषय लेखी नोंदवा आणि आलेलं लेखी उत्तर आमच्यासमोर ठेवा. उत्तर नकाराचं असलं तरी ठेवा. नकाराची कारणं कळली तर त्यांवर बोलता येतं.

आम्ही आमच्या बाजूने प्रवाशांची गरज गोळा करून देऊ. अमळनेर, चोपडा, पारोळा, एरंडोल, धरणगाव या तालुक्यांतल्या शाळांकडून सहलींची मागणी, कोकणात नोकरी करणाऱ्या शिक्षकांची तालुकावार यादी, बचत गटांची आणि ज्येष्ठ नागरिक संघांची पत्रं. कोणत्या महिन्यात किती माणसं जाऊ इच्छितात हे कागदावर आणून देण्याचं काम आम्हा शिक्षकांना येतं. ते आम्ही येत्या उन्हाळी सुट्टीच्या आत करू आणि चौघांच्याही कार्यालयात नेऊन देऊ. त्या दिवशी आम्हाला पंधरा मिनिटं वेळ द्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
अमळनेर तालुक्यातील एक शिक्षिका